आमच्या निळूला देवी आल्या

एकतीस वर्षं विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर बसलेला माणूस सहसा फसत नाही. समोरचा कितीही रडला तरी आम्ही आधी कागद बघतो, आणि कागदात आधी तारीख बघतो. तारीख जुळली नाही की क्लेम खोटा. असा मी, नंदकिशोर परब, एका माशापायी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर चढलो, आरोग्य केंद्राच्या यादीत गेलो आणि सख्ख्या आईसमोर न केलेल्या गुन्ह्याची कबुली देऊन बसलो. मासा खायचा नव्हता हे आधीच सांगतो. परबांच्या घरात मासा म्हटलं की ऐकणारा परस्पर ताट-वाटीपर्यंत पोचतो.

आमची मुलगी श्रुतिका नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि जाताना खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आमच्या गळ्यात घालून गेली. टाकीत दोन नारिंगी पट्टेवाले मासे आणि एक लालचुटूक कोळंबी. ती गेल्यापासून टाकीसमोर माझी आई, वनमाला परब, खुर्ची टाकून बसते. आधी मला वाटलं, मालवणची बाई, नजर कोळंबीवर असणार. पण नाही. आई त्यांच्याशी बोलायची, दुपारची त्यांना भाजीचे भाव सांगायची. तिला ऐंशी वर्षं पूर्ण झाली तेव्हा मी विचारलं, "आई, काय हवं तुला? पातळ? बांगड्या?"

"माका काय नको. ह्येंच्यात एक निळो सोड."

एवढंच. एक निळा मासा. माझ्या आयुष्यातली सगळी मोठी संकटं अशीच एका ओळीत आलेली आहेत.

आम्ही कुर्ल्याला गेलो. दुकानदार किरण म्हणून एक हसतमुख तरुण होता. आईने काचेतले सगळे मासे नीट पाहिले, एका निळ्या, पिवळ्या शेपटीच्या माशावर बोट ठेवलं आणि किरणला म्हणाली, "कल्ले उघडून दाखव."

किरणला वाटलं, म्हातारी या विषयातली मोठी जाणकार आहे. तो बिचारा घाबरून म्हणाला, "आजी, एकदम फिट पीस आहे. खोटं सांगणार नाही." आईने चाळीस वर्षं परळच्या बाजारात कोळणींकडून हेच वाक्य ऐकलेलं असल्यामुळे तिचा चेहरा काही बदलला नाही. पण माशाने तिच्याकडे तोंड वळवलं आणि सौदा झाला. घरी येईपर्यंत त्याचं नाव निळू पडलं होतं.

पिशवी टाकीत उलटी करणार तेवढ्यात श्रुतिकाचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा! हात मागे घे!" मी इतक्या जोरात हात मागे घेतला की पिशवीतल्या निळूने पहिल्यांदा माझ्याबद्दल मत बनवलं असावं. "नवा मासा थेट टाकायचा नसतो. अंगावर परजीवी असतात. तीस दिवस वेगळ्या टाकीत, तांब्याच्या औषधात. जाळी वेगळी, बादली वेगळी, टॉवेल वेगळा. औषधाचा थेंबसुद्धा मोठ्या टाकीत गेला तर कोळंबी मेली समज. आणि परजीवी गेले तर सगळेच."

मला वाटलं, आई आता या शहरी थेरांवर काहीतरी बोलणार. पण आईने मान डोलावली. "बरोबर बोलता चेडू. नवो मानूस घरात घेताना आधी भायर बसवक होया." शिवाशिव, सुतक, वेगळं भांडं, वेगळा टॉवेल या सगळ्याचा तिला ऐंशी वर्षांचा अनुभव होता. श्रुतिकाला जे शिकायला तीन वर्षं लागली ते आईला जन्मापासून येत होतं.

आता आमचं घर वन बीएचके. क्वारंटाइनची टाकी ठेवायला जागा एकच, डायनिंग टेबल. रिकामा काचेचा पेटारा, त्यात बुडबुडे सोडणारा स्पंजचा फिल्टर, एक हीटर आणि निळूला लपायला प्लंबरकडून आणलेले पाइपचे तुकडे. आम्ही तिघं जमिनीवर बसून जेवू लागलो आणि निळू टेबलाच्या मुख्य जागेवर बसून आमच्याकडे बघू लागला. बायको म्हणाली, "अहो, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, या टेबलावर मला कधी एवढा मान मिळाला नाही." नलिनीचं बोलणं असंच असतं.

तांब्याचं औषध हे प्रकरण मोठं नाजूक आहे. कमी पडलं तर परजीवी मरत नाहीत, जास्त झालं तर मासा मरतो. त्यामुळे रोज सकाळी पाण्याचा नमुना नळीत घ्यायचा, त्यात थेंब टाकायचे आणि आलेला रंग कार्डावरच्या रंगाशी जुळवायचा. मी त्यासाठी रीतसर फाइल उघडली. तारीख, वेळ, वाचन, सही. सहीची गरज नव्हती, पण सहीशिवाय मला कागद अपुरा वाटतो.

ही फाइल बघून वरच्या मजल्यावरचे दशरथराव हसले. ते निवृत्त बसकंडक्टर. "परब, कशाला या बाटल्या? तांबंच हवंय ना?" असं म्हणून त्यांनी घरून भोकाचा जुना तांब्याचा पैसा आणला आणि तो टाकीत टाकायला हात पुढे केला. मी आणि नलिनी दोघांनी मिळून तो हात धरला. त्यावर ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. सल्ला न घेतल्याचा राग एवढा टिकतो हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई टेबलापाशी उभी होती. हात जोडलेले.

"नंदू. निळूक देवी इली."

मी चष्मा लावला. निळूच्या निळ्या अंगावर मिठाचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके उठले होते. मी म्हटलं, "आई, हे परजीवी आहेत. श्रुतिका सांगत होती तेच. औषध चालू आहे, उतरतील."

"औषध तू कर. माझा मी करतंय."

आणि तिथून घराचा कारभार तिच्या हातात गेला. घरात देवी, गोवर, कांजिण्या काहीही आलं की काय पाळतात ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. फोडणी द्यायची नाही. कढईत काही तळायचं नाही. दारावर आणि बिछान्याशी कडुलिंबाचा पाला. आणि मासे-मटण घरात आणायचं नाही, बाहेरही खायचं नाही, नाव काढायचं नाही. जुलै महिना, होड्या बंदीमुळे किनाऱ्याला लागलेल्या, ताजं काही मिळत नाही. या दिवसांत आमचा सगळा भार सुक्या मासळीवर असतो. मी हळूच विचारलं, "सुका जवळा चालेल?"

"सुको जवळो पण नाय. आजारी मानसाच्या सोयऱ्यांक खातंस?"

मी जवळ्याची बरणी माळ्यावर चढवली.

मी कॅलेंडर काढलं आणि तारखा जुळवून बघितल्या. निळूचे तीस दिवस संपत होते ऑगस्टच्या पहिल्या रविवारी. होड्या सुटणार होत्या एक तारखेला. आणि सोमवारपासून श्रावण. म्हणजे ताजा मासा खायला वर्षातला एकच रविवार हातात होता, आणि तोही निळूचं अंग त्या दिवशी स्वच्छ असेल तर. एक ठिपका जरी राहिला तरी श्रावण, श्रावणानंतर गणपती, म्हणजे थेट सप्टेंबरची सतरा-अठरा तारीख. एका माशाची कातडी आणि माझं ताट यांचा असा सरळ संबंध देवाने का जुळवावा, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

आईने कडुलिंबाचा डहाळा दारावर लावला. वॉचमनने विचारलं, "आजी, काय झालं?" आई म्हणाली, "आमच्या निळूक देवी इली. दीड वर्साचा पोर, अंगभर उठलाहा." किरणने निळूचं वय दीड वर्ष सांगितलं होतं. आई कधी खोटं बोलत नाही.

दोन तासांनी नोटीस बोर्डावर कागद लागला. "सी विंग, तिसरा मजला, परब यांच्याकडे दीड वर्षाच्या बालकास गोवर. रहिवाशांनी लहान मुलांना सी विंगमध्ये पाठवू नये. लिफ्टमध्ये परब कुटुंब असल्यास थांबावे. हुकुमावरून, सेक्रेटरी."

सेक्रेटरी धवलभाई सज्जन माणूस. ते आमच्या दारापासून सहा फुटांवर, तोंडाला दोन मास्क लावून उभे राहिले. "नंदूभाई, तुमी सांगायला पायजे ना! बाळ कोणाचा? श्रुतिकाचा?"

"धवलभाई, श्रुतिकाचं लग्न झालेलं नाही."

धवलभाईंचे डोळे मास्कच्या वर गोल झाले. आपण कोणत्या भोवऱ्यात पाय टाकतोय हे माझ्या लक्षात आलं. "मासा आहे!" मी ओरडलो. "निळू मासा आहे!"

ते आत आले, दोन मास्क लावूनच. निळूला बघितलं. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "हे तुमी औषध टाकता, त्यानी काय होते?"

"परजीवी मरतात."

"किती?"

"हजारो असतील."

धवलभाई गंभीर झाले. मासा वाचवायला एवढे जीव मारायचे का, हा हिशेब त्यांना काही केल्या लागेना. त्यांनी दोन्ही हात जोडून एकदा निळूला नमस्कार केला, एकदा पाण्याला केला, आणि गेले. नोटीस मात्र काढली नाही. म्हणाले, कमिटीची सही झाली आहे, आता पुढच्या मीटिंगशिवाय निघत नाही. त्या महिन्यात लिफ्ट माझ्यासाठी नेहमी रिकामी मिळाली हे कबूल केलं पाहिजे, पण बोरीवलीत सहकुटुंब वाळीत पडल्याचं दुःख रिकाम्या लिफ्टने भरून निघत नाही.

कोणीतरी आरोग्य केंद्राला फोनही केला होता. दुसऱ्याच दिवशी पांढरा कोट, खांद्याला बॅग, हातात टॅब घेतलेली एक तिशीतली बाई दारात हजर. "संघमित्रा. आरोग्य केंद्रातून आले. पेशंट कुठे?"

मी डायनिंग टेबलाकडे बोट केलं.

ती टेबलाजवळ गेली, टाकीत बघितलं, टेबलाखाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी सगळी हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, सकाळपासून तीन इमारती चढून आले मी. तिन्हीच्या लिफ्ट बंद. आणि आता मासा?"

"केस काढून टाका ना."

"निघत नाही. एकदा नोंद झाली की चारच पर्याय आहेत. बरा, दाखल, स्थलांतरित, मृत. बरा लिहायला पुरळ गेलेलं मी स्वतः बघायला हवं. तोपर्यंत दर चार दिवसांनी व्हिजिट." मग टॅबवर बोट ठेवून म्हणाली, "सोपं म्हणजे मृत करून टाकते. एका क्लिकमध्ये मोकळे. तुम्ही पण, मी पण."

"ता लिवू नको!"

आई केव्हा मागे येऊन उभी राहिली कळलंच नाही. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. संघमित्राने बोट काढलं. आईकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं आजी. नाही लिहीत. येते मी चार दिवसांनी." केस चालू ठेवायची म्हटल्यावर पुढचे रकाने भरावे लागले. नाव, निळू नंदकिशोर परब. वय, दीड वर्ष. लसीकरण, नाही. पालकांची सही. मी सही केली. मला एकंदर सहीची सवय आहे हे वर आलंच आहे.

अशा रीतीने दोन आठवडे गेले. मी ऑफिसला अंधेरीला जायचो. जेवणाच्या सुटीत सहकारी समोरच्या हॉटेलात जायचे आणि मी डब्यातला बिनफोडणीचा वरणभात खायचो. वरणाला फोडणी नसली की ते किती विचारात पडल्यासारखं दिसतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही. पण मी पाळलं. देवीला घाबरून नव्हे. आई रोज संध्याकाळी मी आलो की नुसती माझ्याकडे बघायची, त्या बघण्याला घाबरून. नलिनीनेही पाळलं. ठिपके उतरू लागले होते. मी फाइलीत "सुधारणा" असा शेरा मारला आणि रविवारच्या सुरमईचं स्वप्न बघू लागलो.

सोळाव्या दिवशी सकाळी निळू आडवा झाला.

पाइपच्या मागे तळाशी एका कुशीवर पडलेला, कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते. हिरवी समुद्री पानं आवडीने खायचा, ती समोर धरली तरी तोंड लावेना. पाणीही चहासारखं दिसत होतं. गेले तीन-चार दिवस मला तो औषधाचा रंग वाटत होता. श्रुतिकाला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, पाण्यात काहीतरी कुजतंय. अमोनिया झालाय. फिल्टरच्या मागे हात घाल, बघ काय आहे. पटकन."

मी बाही सरकवून हात घातला. आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"कोनी तरी मोडल्यान," ती म्हणाली. "फोडणी दिल्यान नायतर खाल्ल्यान."

"आई, तसं काही नसतं गं."

"असता." ती खुर्चीवर बसली. "शकुच्या येळाक मियां दिलंय."

माझ्या आधी एक बहीण होती आणि ती लहानपणीच गेली, एवढंच मला माहीत होतं. तिचं नाव आईच्या तोंडून मी छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

"चार वर्साचा चेडू. लालबागच्या खोलयेत. गोवर इलो. नव दिस सगळा पाळलंय. धाव्या दिसाक तुझो बापूस मिलीतसून इलो, नव दिस अळणी खावन कंटाळलो होतो. मियां म्हटलंय, उतार पडलोहा, आता काय होता? आमटीक लसणीची फोडणी दिलंय. दुसऱ्या दिसाक चेडू गेला." ती टाकीकडे बघत होती. "कोणाक सांगूक नाय. तुझ्या बापाशीक पण नाय. पण ह्या येळाक मियां कायव करूक नाय, नंदू. रोज हात जोडतंय. मगे असा कित्याक?"

माझा हात अजून पाण्यात होता. फिल्टरच्या मागे माझ्या बोटांना काहीतरी मऊ, बुळबुळीत लागलं. मी ते मुठीत घेऊन वर काढलं. बोटांच्या फटीतून काळं पडलेलं पान दिसत होतं. कडुलिंबाचं. एक नाही, मूठभर. देवी आलेल्याच्या बिछान्यात पाला ठेवतात. निळूला बिछाना नव्हता, म्हणून आईने तो पाण्यात ठेवला होता, फिल्टरच्या मागे, मला दिसू नये असा. आणि तोच तिथे कुजून निळूला मारत होता.

क्लेमच्या टेबलावर बसून मी हजारो लोकांना खरं काय ते सांगितलं आहे. कारण कळलं की कारण लिहायचं, हा आमचा नियम. मी आईकडे बघितलं. पन्नासहून जास्त वर्षं एक फोडणी उरावर घेऊन बसलेली बाई. तिला मी आता हा पाला दाखवू?

मी मूठ घट्ट मिटली आणि लेंग्याच्या खिशात घातली.

"आई," मी म्हटलं, "मी खाल्ली."

"काय खाल्लंस?"

"सुरमई."

नलिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"कदी?" आईने विचारलं.

"बुधवारी."

"खंय?"

"अंधेरीला. ऑफिससमोर."

"तळलेली काय सारातली?"

"तळलेली."

"रव्यातली?"

"रव्यातली." खोटा क्लेम लिहिणारे लोक भरपूर तपशील देतात, म्हणजे तो खरा वाटतो, हे मी अनुभवाने जाणत होतो. म्हणून मी आपणहून भर घातली. "दोन तुकड्या. एकदम ताजी होती. सकाळचीच."

आई माझ्याकडे बघत राहिली. माझ्या चेहऱ्याकडे, मग माझ्या ओल्या खिशाकडे, मग परत चेहऱ्याकडे. "बरा," ती म्हणाली आणि देवापुढे जाऊन बसली.

नलिनीचा प्रश्न वेगळाच होता. "एकटेच?" ती म्हणाली. देवी, निळू, नेमधर्म, काही नाही. "मी इथे चौदा दिवस पाणचट वरण गिळतेय आणि तुम्ही तिकडे एकट्याने रव्यातली सुरमई? एक तुकडी बांधून आणावीशी वाटली नाही?" मी मान खाली घातली. न खाल्लेल्या माशाबद्दल बायकोने एवढं ऐकवावं आणि आपल्याला "मी खाल्लाच नाही" एवढंही म्हणता येऊ नये, यासारखा अपमान नाही. तोंडाला पाणी सुटलं होतं ते वेगळंच.

दिवसभर आम्ही पाणी बदललं. नवं पाणी, मीठ मोजून, तापमान बघून, तांब्याचं प्रमाण पुन्हा जुळवून. नलिनी रागाने बादल्या भरत होती, पण भरत होती. संध्याकाळी निळू सरळ झाला. दुसऱ्या दिवशी त्याने हिरव्या पानाचा एक चावा घेतला. मी रोज फिल्टरच्या मागे बघायचो. पुन्हा तिथे पाला कधी दिसला नाही. मी आईला त्याबद्दल अवाक्षर बोललो नव्हतो, तरी दिसला नाही. दारावरचा डहाळा मात्र ती रोज बदलत होती.

माझी शिक्षा जाहीर झाली ती अशी. निळू बरा झाला तर रविवारी सगळ्यांनी मासे खायचे, नंदूने नाही. नंदूने गणपती गेल्यावर.

संघमित्रा तिच्या व्हिजिटला आली की आता टाकीजवळ खुर्ची ओढून बसायची आणि निळूच्या अंगावरचे ठिपके मोजून मला सांगायची. एकदा आईने तिला चहा दिला आणि विचारलं, "बाय, तू एवढी घरां फिरतंस. फोडणीन पोर मरता काय गो?"

संघमित्राने कप खाली ठेवला. तिला काही ठाऊक नव्हतं, पण प्रश्न साधा नाही हे तिला कळलं असावं. "नाही आजी. फोडणीने कोणी मरत नाही. गोवराने मरतं. आधी लस नव्हती, आईबापांच्या हातात काहीच नव्हतं. माझ्या आजीची दोन गेली तशी."

स्वतःचा चहा गार झाला तरी आई तिथेच बसून राहिली.

रविवार उजाडला. तिसावा दिवस. मी, नलिनी, संघमित्रा आणि फोनमधून श्रुतिका, चौघांनी निळूला उजव्या बाजूने बघितलं, डाव्या बाजूने बघितलं. अंग स्वच्छ. संघमित्राने टॅब काढला, "बरा" वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "माझ्या वॉर्डातली एवढी काळजी घेतलेली केस नाही बघितली मी." मी निळूला वेगळ्या जाळीने उचलून मोठ्या टाकीत सोडलं. दोघे नारिंगी त्याच्या अंगावर धावून आले, मग वास घेतल्यासारखं करून परत गेले. कोळंबीने दखल घेतली नाही. धवलभाई दारातूनच म्हणाले, "अभिनंदन, नंदूभाई, नोटीस मी आज काढतो, मीटिंग गेली खड्ड्यात." आत मात्र आले नाहीत, कारण स्वयंपाकघरातून वास येत होता.

तो वास फोडणीचा होता. आई स्वतः कढईसमोर उभी होती. लसूण ठेचलेली. तेल तापलं, तिने एकदा आतून टाकीकडे बघितलं, आणि लसूण सोडली. चर्र झालं. ती चमचा हातात धरून थांबली, किती तरी वेळ. निळू पोहत होता. मग तिने आमटी हलवली.

डायनिंग टेबल मोकळं झालं होतं. महिन्याने आम्ही वर बसून जेवलो. ताजी सुरमई, होडी कालच परत आलेली. संघमित्राला, नलिनीला, दोघींना दोन दोन तुकड्या. माझ्या ताटात वरणभात. आईने माझ्याकडे बघितलंही नाही. मी मुकाट्याने भात कालवला. संघमित्रा संकोचून म्हणाली, "काकांना नाही?" नलिनी म्हणाली, "त्यांनी खाल्ली आहे. बुधवारी. अंधेरीला."

जेवणं आटोपली. नलिनी संघमित्राला खाली सोडायला गेली. मी ताट घेऊन उठणार, तोच आई आतून आली. हातात ताटली, ताटलीत मधला जाड तुकडा. तिने तो माझ्या भातावर ठेवला.

"आई, माझी शिक्षा..."

"जुलयात सगळ्यो होड्यो किनाऱ्याक," ती म्हणाली, "आणि ह्येका अंधेरीत सकाळची ताजी सुरमई! तारखो बघून पगार घेतंस ना रे तू?"

एकतीस वर्षं मी लोकांना याच एका गोष्टीवर पकडत आलो होतो.

"तुझी मूठ मियां बघितलंय," आई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "आणि पालो खंय ठेवलो होतो ता माका ठाव होता." ती टाकीपर्यंत गेली, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि काचेवर नीट पसरला, आतल्यांना टेबल दिसू नये असा. तशीच पाठमोरी उभी राहून म्हणाली, "शकुच्या येळाक असा खोटा बोलणारो माका कोण गावलो नाय, नंदू."

मग ती माझ्यासमोर येऊन बसली. "खा," म्हणाली. "निवता."